पारितोषिक वडिलांनी स्वीकारले

सकाळची बॅच गेली होती आणि दुपारची अजून जिना चढायची होती. तेवढ्या मधल्या वेळात सोनमनं संगणकावर दादाचं पान उघडलं, तर दादा अर्धा झाला होता. भाकरीचा तुकडा तसाच हातात राहिला. तिनं पानाचा इतिहास उघडला. तिच्या परवाच्या नोंदीच्या वर लाल अक्षरांत एक उणे आकडा बसला होता आणि त्याच्यापुढे 'वरद' नावाच्या कुणा सदस्याचा शेरा होता: किरकोळ सन्मान काढले, चर्चापान पाहावे. खालच्या दवाखान्यात एक पोर सुई बघून आधीच भोकाड पसरून बसलं होतं. राजारामपुरीतल्या त्या गल्लीत हा आवाज रोजचाच, पण आज सोनमला वाटलं, आपल्या वाटचंच हे पोर रडतंय. भाकरी तिनं डब्यात परत ठेवली, हात रुमालाला पुसले आणि चर्चापान उघडलं.

हा इंटरनेटवरचा मराठी ज्ञानकोश तिला वर्षभरापूर्वी सापडला होता. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्यानं येऊन दुरुस्त करावं, असा सगळा मोकळा कारभार. संगणक वर्गात दिवसभर लोकांना माउस धरायला शिकवून कंटाळलेल्या बाईला तो भलताच आवडला. 'पारिजात' असं नाव घेऊन तिनं आधी नेसरीवर लिहिलं, मग हातकणंगल्याच्या रेल्वे स्टेशनावर, कारण आबांचं, म्हणजे वडिलांचं, गाव त्याच बाजूला, आणि लहानपणी त्या फलाटावर बसून खाल्लेले पेरू तिला अजून आठवायचे. पेरू लेखात आले नाहीत. पेरूंना संदर्भ नव्हता. तिथला नियमच तो: तुम्ही काय बघितलं, काय खाल्लं, ते तुमच्यापाशी ठेवा, छापून कुठं आलंय तेवढं दाखवा. सोनमला हा नियम फार स्वच्छ वाटला होता. तिच्या गल्लीत उभ्या आयुष्यात कुणी कुणाला पुरावा मागितला नव्हता. लोक बोलायचे आणि बोलून बोलून ते खरं व्हायचं. मग यंदा हिवाळ्यात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला, संध्याकाळचा स्टेडियमकडून हलगीचा आवाज यायला लागला, आणि एके दिवशी कुणाला न सांगता तिनं नवं पान काढून वर नाव टाकलं: बुद्धभूषण मधाळे, कोल्हापूरचा फुटबॉलपटू, गोलरक्षक. आपण त्याची सख्खी बहीण आहोत हे तिनं कुठं लिहिलं नाही. कुणी विचारलंही नव्हतं.

वरदनं लिहिलं होतं मोठ्या सभ्यपणानं, आणि तोच तर त्रास होता. शिव्या दिल्या असत्या तर सोनमला उत्तर देता आलं असतं, कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला ते काही अवघड नाही. 'नमस्कार. लेख चांगला जमला आहे, पण पुरस्कारांचा विभाग फुगलेला वाटतो. साप्ताहिकं, दैनिकं वगैरेंनी दिलेले छोटे सन्मान आपण सहसा घेत नाही. रुबाबदार खेळाडू हा पुरस्कार आहे की जाहिरात? लढवय्या खेळाडू हा तर एका सामन्यापुरता, पराभूत संघाला द्यायचा उत्तेजनार्थ प्रकार दिसतो. आपण स्थानिक जाणकार आहात. काय ठेवावं ते आपणच सुचवा. मात्र ठेवण्याजोगं फारसं नसेल तर लेखाचाच विचार करावा लागेल.' उत्तेजनार्थ. शाळेच्या चित्रकलेत सोनमला एकदा उत्तेजनार्थ मिळालं होतं, एक पेन्सिल. तिनं तो शब्द तीनदा वाचला आणि तीनही वेळा तिला पेन्सिलच दिसली.

दुपारची बॅच आली, गेली. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले एक काका मराठी टंकलेखन शिकायला यायचे, त्यांना 'क्ष' सापडत नव्हता. सोनम त्यांच्या खुर्चीमागं उभी राहून बोट दाखवत होती आणि तिच्या डोक्यात दादाचं पान चाललं होतं. काय ठेवायचं? एकेक उचलून बघायला हवं होतं. रुबाबदार खेळाडू. एका साप्ताहिकानं ती टूम काढली होती, ते सालही मजेशीर, एकोणीसशे नव्याण्णव. अंकात कुपन यायचं, ते कापायचं, त्यावर खेळाडूचं नाव लिहून पोस्टात टाकायचं. दादा तेव्हा खरंच देखणा दिसायचा. उंच, सावळा, खांदे रुंद, आणि गोलपोस्टात उभा राहिला की हात नुसते लोंबते सोडायचा, जणू काही करायचंच नाहीय. सोनमच्या कॉलेजातल्या पोरींनी ते साप्ताहिक चौकातल्या स्टॉलवर शिल्लक ठेवलं नाही. ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय हे बापजन्मात कळलं नसतं त्यांनी वर्गात मागच्या बाकावर बसून कात्र्या चालवल्या. दादाला ते कळलं तेव्हा तो लाजून लाल झाला, जेवताना मान वर करेना, आणि आई मीनाबाई म्हणाली, "बरं हाय की, पोरगी बगाय लांब जायाला नगं." सोनमला काकांच्या खुर्चीमागं उभ्या उभ्या हसू आलं. काका म्हणाले, "काय चुकलं का हो?" नाही, ती म्हणाली, तुमचं नाही. वरदचं बरोबर होतं. रुबाबदार खेळाडू काढायलाच हवा. पण तो काढला की त्याच्याबरोबर त्या वर्षाचा दादाही जात होता, मान खाली घालून जेवणारा, आणि त्याला दुसरीकडं कुठं जागा नव्हती.

मग ते केबलवाल्यांचं. हंगामातील सर्वोत्कृष्ट गोलरक्षक, सन दोन हजार. हा जरा भारदस्त, वरदनंही याच्यावर फुली मारली नव्हती, नुसता 'संदर्भ पक्का हवा' म्हणून ठेवला होता. पण सोनमला त्या समारंभाची सगळी हकीकत ठाऊक होती. मंगल कार्यालयात कार्यक्रम, बक्षिसावर केबलमालकाचाच हसरा फोटो, आणि सर्वोत्कृष्ट म्हणून स्टेजवर इतकी माणसं चढली की टाळ्या वाजवायला खाली बायकाच उरल्या. पेठेतल्या नगरसेवकाचा मेहुणा सर्वोत्कृष्ट प्रेक्षक ठरला होता. दादा घरी येऊन म्हणाला होता, "मला न्हाय दिलं त्येंनी, हार उरला हुता म्हनून घातला." असं होतं ते. आणि हे ज्ञानकोशात राहणार, कारण हंगामभराचं आहे. नियमाला हंगाम दिसतो, हार उरला होता ते दिसत नाही. सोनमला त्या नियमाचा पहिल्यांदाच राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःचाही आला, कारण तोच नियम दाखवून तिनं गेल्या महिन्यात दुसऱ्याच्या लेखातल्या चार ओळी उडवल्या होत्या.

राहिला लढवय्या. त्याच्यापाशी आलं की तिचं मन बैलासारखं बसकण मारायचं. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये सामना संपला की दोन बक्षिसं पुकारतात. जिंकणाऱ्यांतला चांगला खेळला तो सामनावीर. आणि हरणाऱ्यांतला जो शेवटपर्यंत झटला तो लढवय्या. ही इथली जुनी रीत. हरलेल्या पेठेलाही रिकाम्या हातानं घरी पाठवायचं नाही. दादा शेवटची खेळला त्या स्पर्धेत हे दुसरं बक्षीस एका दैनिकातर्फे असायचं आणि त्यांचे वार्ताहर नाव ठरवायचे. दोन हजार एकचा अंतिम सामना. दादा जुना नाका तालमीकडून खेळायचा; इथं फुटबॉलचे संघ पेठांतल्या तालमींचेच. तो पेठेबाहेरचा होता, आणि पेठेबाहेरचा म्हणजे काय ते कुणी न बोलता सगळ्यांना कळायचं. पण गोल अडवत होता तोवर तो भूषण होता, पेठेतल्या आया त्याला हाक मारून उसाचा रस पाजायच्या. त्या दिवशी पहिल्यापासून चेंडू जुना नाक्याच्या अंगणातच होता. सोनम बायकांच्या बाजूला बसली होती. दादा उजवीकडं झेपावत होता, डावीकडं झेपावत होता, एकदा तर खांबावर आपटून कोपर फुटलं आणि पट्टी बांधून पुन्हा उभा राहिला. आणि शेवटी शेवटी, सगळं संपत आलेलं असताना, एक साधा, मऊ, लहान पोरानं मारावा तसा चेंडू घरंगळत आला आणि त्याच्या हातांखालून आत गेला.  मग पलीकडच्या बाजूला हलगी वाजली.

त्या रात्रीपासून बोलणं सुरू झालं. मॅच इकली. कोण म्हणालं, कधी म्हणालं, काही पत्ता नाही. चहाच्या गाड्यावर, सलूनमध्ये, तालमीच्या कट्ट्यावर, मॅच इकली भूषणनं, त्यो आपला न्हवंच. तोंडावर कुणी काही बोललं नाही; बोललं असतं तर दादानं एकाला तरी धरून हाणला असता आणि मोकळा झाला असता. नुसतं पुढच्या हंगामाला बोलावणं आलं नाही. त्यानं बूट माळ्यावर टाकले, गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत लागला, तिकडंच बिऱ्हाड केलं, आणि सात वर्षांत स्टेडियमच्या रस्त्यानं तो मोटरसायकलसुद्धा घालत नाही, वळसा घालून येतो. हे सगळं बोलण्यातलं. छापलेलं काय, तर एक ओळ. त्या दिवशी तिथं बसून सामना बघणं हेच ज्यांचं काम होतं, त्यांनी कागदावर नाव लिहिलं होतं: लढवय्या, बुद्धभूषण मधाळे. म्हणजे हा माणूस शेवटपर्यंत झटला असं एका तरी ठिकाणी, शाईत, होतं. सोनमनं वाचनालयात जुन्या फायली काढून, शिंकून शिंकून बेजार होऊन ती ओळ शोधली होती. अख्खं पान तिनं त्या एका ओळीसाठी लिहिलं होतं. बाकीचं सगळं, रुबाबदार नि सर्वोत्कृष्ट, ती ओळ एकटी पडू नये म्हणून सोबतीला गोळा केलं होतं. आता वरद म्हणत होता, सोबतीण ठेवा, नवरी काढा.

आणि त्या बातमीत आणखी एक वाक्य होतं, जे सोनमनं लेखात घेतलं नव्हतं.

आबा त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा स्टेडियमवर आले होते. बाबासो मधाळे, एसटीच्या वर्कशॉपात टायर बदलण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना चेंडू गोल असतो यापलीकडं खेळाची माहिती नव्हती. ड्युटीवरून तसेच आले होते, खाकी शर्टात. सामना संपल्यावर लाउडस्पीकरवरून नाव पुकारलं. दादा गोलपोस्टाच्या खांबाला पाठ लावून, गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. तो हलला नाही. पुन्हा पुकारलं. जुना नाक्याचा कॅप्टन मोठ्यानं म्हणाला, "जा की, घे जा तुझं बक्षीस," आणि ते कसं म्हणाला ते सोनमला इतक्या लांबून कळलं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा समोरच्या पायऱ्यांवरून आबा उतरताना दिसले. ते मैदानाच्या कडेला आले, चुन्याच्या पांढऱ्या रेघेपाशी थांबले, आणि त्यांनी चपला काढल्या. विहारात जाताना काढतात तशा, एकीशेजारी एक नीट ठेवल्या आणि अनवाणी गवतावर पाऊल टाकलं. हसण्याची एक लाट आली. आबांना ती ऐकू आली की नाही कोण जाणे. ते चालत राहिले, सबंध मैदान ओलांडून टेबलापर्यंत गेले, कप दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि मग घरी जायचं सोडून वळून गोलपोस्टाकडं निघाले. दादापुढं उभे राहिले. कप पुढं केला. दादा उठला, त्यांच्याकडं न बघता तंबूकडं चालता झाला. आबा तेवढंच मैदान पुन्हा ओलांडून आले, कप हातात, आणि रेघेपाशी येऊन चपला पायांत घालताना त्यांना कप कुठं ठेवावा ते कळेना. शेवटी त्यांनी तो काखेत धरला. ती काखेतली सोनेरी प्लास्टिकची कड सोनमला आजही स्पष्ट दिसते. बातमीतलं वाक्य एवढंच होतं: पारितोषिक वडिलांनी स्वीकारले.

वरदचा शेरा वाचला त्या संध्याकाळी घरी भारनियमन होतं. मीनाबाई आत चुलीपाशी मेणबत्ती लावून भाजी परतत होती, आबा दारातल्या पायरीवर बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा वाट बघतोय. आतल्या फळीवर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच्या जरा बाजूला तो कप. सोनेरी रंग निघून गेलेला, आणि त्यात मीनाबाई उदबत्तीच्या काड्या ठेवायची. दादा दर रविवारी यायचा, अर्धा किलो मटण आणायचा, फळीकडं पाठ करून बसायचा. बापलेकांचं बोलणं असायचं. जेवला का. व्हय. गाडी कशी हाय. बरी हाय. सात वर्षं एवढ्यावर काढली होती दोघांनी.

सोनम पायरीवर आबांच्या शेजारी बसली. हे तिनं कधी विचारलं नव्हतं. अंधार होता म्हणून विचारलं.

"आबा, त्यो कप घ्यायला गेलतासा तवा तुमास्नी ठावं हुतं का, त्यो हरल्याल्या बाजूला देत्यात म्हनून?"

"न्हाय बा. मला कोन सांगनार?" आबा म्हणाले. "मला वाटलं प्वारगं पयलं आलं. दुसऱ्या दिशी वर्कशॉपात वाटाय पेढं आनाय दुकानात गेलतो. तितं कळलं."

"मग?"

"मग काय? पेढं आनलंच न्हाईत." ते जरा हसले. "कप काय परत न्यायचा काय? घेतला त्यो घेतला."

"दादाला राग आला त्येचा. समद्यांम्होरं."

"आला की. येनारच. त्येच्या जागी म्या असतो तर मलाबी आला असता." आबांनी ऑपरेशनचा डोळा पुसला. "पर सोने, माईकवरनं नाव पुकारलं. एकदा पुकारलं, दोनदा पुकारलं. मधाळे म्हनून पुकारलं. नाव पुकारल्यावर कुनीतरी उठाय पायजे का नगं? न्हायतर ते नाव तसंच पडून ऱ्हातं मैदानात."

लाइट आली. गल्लीतली पोरं ओरडली. आबा डोळे मिचकावत उठले आणि आत गेले. सोनम बसून राहिली. तिला वरदचं वाक्य आठवलं, काय ठेवावं ते आपणच सुचवा. तिला वाटलं, वरदला ह्या पायरीवर आणून बसवावं. पण पायरीला संदर्भ कुठला?

रविवारी दादा आला, जेवला. तो निघाला तेव्हा सोनम मोटरसायकलपाशी गेली आणि तिनं एका दमात सांगून टाकलं, पान लिहिलंय ते, वरदचं ते, सगळं. दादा किक मारायचा थांबला. हल्ली त्याच्या अंगाला फौंड्रीतल्या जळक्या वाळूचा वास यायचा, आंघोळ केली तरी जायचा नाही.

"तुला कुनी सांगितलंतं हे धंदं कराय?"

"कुनी न्हाय."

"काडून टाक समदं. त्यो कप तर पयला काड."

"दादा, त्या एका ओळीत लिवलंय की तू शेवटपतोर..."

"लिवलंय! कोन वाचतंय? पेठंला वाचाय येतंय व्हय?" तो ओरडला, आणि शेजारची बनाबाई खिडकीत आली तसा आवाज खाली आणून म्हणाला, "त्यो मऊ चेंडू हुता गं. माज्या हातात हुता. कसा गेला मला अजून कळत न्हाय. रातच्याला अजून हातात येतोय." सात वर्षांत त्यानं त्या चेंडूबद्दल काढलेले हे पहिले शब्द. सोनमला त्याचा हात धरावासा वाटला, पण तिनं मोटरसायकलचा आरसा धरला. मग तिनं आबांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, पेढ्यांसकट. नाव पुकारल्यावर कुणीतरी उठाय पायजे. दादा ऐकत राहिला.  चेंडू येण्याआधी तो असाच उभा राहायचा, हात लोंबते सोडून. मग त्यानं किक मारली आणि जाताना वळूनही बघितलं नाही.

सोमवारी सोनमनं चर्चापानावर लिहिलं. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. आधी तिनं चांगली वकिली केली होती: कोल्हापूरच्या फुटबॉलची परंपरा, लढवय्या पारितोषिकाचं स्थान, वगैरे. ती वाचताना तिला स्वतःचाच आवाज खोटा वाटला, केबलमालकाच्या फोटोसारखा हसरा. मग तिनं सगळं पुसून एवढंच ठेवलं: 'बुद्धभूषण मधाळे माझे सख्खे भाऊ आहेत. हे मी आधी सांगायला हवं होतं. त्यामुळे काय ठेवायचं हे ठरवायचा अधिकार मला नाही, तुम्हीच ठरवा. रुबाबदार खेळाडू काढा. केबलचा पुरस्कारही काढा, तो तिथं सगळ्यांनाच दिला होता. लढवय्या छोटा आहे, एका सामन्याचा आहे आणि हरलेल्यांचा आहे, हे खरं. पण त्या सामन्याबद्दल गावात दुसरंच बोललं जातं, आणि जे छापलं गेलं ते एवढंच आहे. बातमी सोबत देते आहे.' आणि बातमी तिनं शब्दन् शब्द उतरवून काढली, या वेळी शेवटच्या वाक्यासकट. तिनं बटण दाबलं. आपल्याच हातानं आपण गोल सोडून बाजूला झालो, असं तिला वाटलं. ज्या सदस्याला ती नावापलीकडं ओळखत नव्हती, जो पुण्यात होता की परदेशात हेही ठाऊक नव्हतं, त्याच्या हातात दादा देऊन ती वर्गातल्या काकांना 'ज्ञ' दाखवायला गेली.

दोन दिवस काही नाही. ह्या दोन दिवसांत तिनं पान इतक्या वेळा उघडलं की काकासुद्धा म्हणाले, "मॅडम, काही निकाल वगैरे आहे का?" बुधवारी दुपारी उत्तर आलं. 'सांगितलंत ते बरं केलंत. सन्मानांची यादी काढून टाकली आहे. लढवय्या हा पुरस्कार म्हणून नाही, पण सामन्याच्या हकीकतीचा भाग म्हणून घेता येतो; बातमीत आहे तेवढंच आणि तसंच लिहितो.' पानावर आता पुरस्कार असा मथळाच नव्हता. खाली, कारकीर्द या मथळ्याखाली, सामन्याच्या निकालानंतर दोन कोरडी वाक्यं होती: 'या सामन्यात मधाळे लढवय्या खेळाडू ठरले. पारितोषिक वडिलांनी स्वीकारले.'

सोनमनं ती वाक्यं वाचली. मग दवाखान्यातलं पोर आज रडत नाहीय हे तिच्या लक्षात आलं. ज्या वाक्याला ती इतकी भ्याली होती ते इथं, ह्या कोऱ्या पांढऱ्या पानावर, अगदी साधं दिसत होतं. त्यात हसणं नव्हतं, कॅप्टन नव्हता, काखेतली कड नव्हती. एका माणसाचं नाव पुकारलं आणि त्याच्या वडिलांनी जाऊन घेतलं, इतकंच. तिला बरं वाटलं आणि थोडं वाईटही, आणि दोन्ही का ते तिला नीट सांगता आलं नसतं. दादाला कळवावं का? त्यानं तर काढून टाक म्हणून सांगितलं होतं. तिनं कळवलं नाही.

शुक्रवारी पान उघडलं, तर इतिहासात नवी नोंद होती. सदस्याचं नाव नव्हतं. खातं नसलेल्या माणसाचे नुसते आकडे येतात, तसे आकडे होते. हिरव्या रंगात एक छोटासा अधिक.  पेठेतल्या कुणीतरी येऊन मॅच इकली म्हणून लिहिलं, असंच तिला वाटलं, आणि तिनं घाईघाईनं फरक उघडला. बाकी सगळं जागेवर होतं. एक नाव वाढलं होतं, तेही टंकलेखन येत नसलेल्या माणसानं लावावं तसं, मधली जागा न सोडता: 'पारितोषिक वडिलबाबासो यांनी स्वीकारले.' आणि त्याच्यावर, तासाभरानं केलेली वरदची नोंद. वरदनं शब्द तोडून नीट केले होते, आणि बाबासो या नावाच्या डोक्यावर चौकोनी कंसात बारीक निळी अक्षरं ठेवली होती: संदर्भ हवा. बातमीत नाव नव्हतं ना. नियमाप्रमाणं तो बरोबरच होता.

सोनम खुर्चीवर बसली आणि तिनं तोंडावर ओढणी घेतली. काका टाइप करायचे थांबले, पुन्हा करायला लागले. मग ती जिन्यात गेली आणि तिनं फौंड्रीच्या सुट्टीची वेळ झालीय का ते बघून फोन लावला.

"दादा, तू सायबर कॅफेत गेलतास व्हय?"

पलीकडं यंत्रांची घरघर होती. "न्हाय," दादा म्हणाला. "मी कशाला जातोय?" मग थोड्या वेळानं, "का गं? खोडलं काय कुनी?"

"न्हाय. ऱ्हायलंय."

"मग झालं की."

"शेजारी लिवलंय त्येंनी, संदर्भ हवा म्हनून."

"म्हंजी?"

"म्हंजी पुरावा मागत्यात. कप घेनारं बाबासोच हुतं कशावरनं, म्हनून."

"कोन मागतंय?" दादाचा आवाज एकदम चढला. गोलपोस्टातनं बचावफळीवर ओरडायचा तोच तो आवाज, सात वर्षांत न ऐकलेला; सोनमनं फोन कानापासून लांब धरला. "त्येला सांग म्हनावं, म्या हुतो तितं. चपला काडून आल्तं. म्या बघिटलंय."

डोळ्यांनी बघितलेलं संदर्भ म्हणून चालत नाही, हा नियम सोनमला पाठ होता. तिनं जिन्याच्या कठड्याला डोकं टेकलं.

"सांगते," ती म्हणाली.